विसर्जनाविना मूर्ती : मांडवा–नागाव किनारा आणि अस्वस्थ करणाऱ्या कलेचा इतिहास

१

विचित्र आणि अस्वस्थ करणाऱ्या कलेविषयी मराठीत जेव्हा लिहिले जाते तेव्हा तिचा इतिहास सहसा दोन ठिकाणांपासून सुरू केला जातो. एक तर १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून, म्हणजे सूझाच्या विद्रूप मुखाकृतींपासून. किंवा १९९० च्या दशकात मुंबईच्या कलादालनांत रुळलेल्या मांडणशिल्पापासून. या दोन्ही आरंभबिंदूंमागे एकच गृहीत आहे : अस्वस्थता विरूपणातून निर्माण होते आणि विरूपण पश्चिमेकडून येते. या गृहीतातून पुढचे निकाल आपोआप निघतात. अशी कलाकृती एक तर 'दुर्बोध' ठरते, नाही तर 'अनुकरण' ठरते. आणि तिच्या आधीचे वास्तवदर्शी शिल्प निव्वळ 'कारागिरी' म्हणून विचारकक्षेबाहेर राहते. म्हणजे ज्या दोन गोष्टींचे परस्परनाते तपासायला हवे, त्या दोन्ही समीक्षेच्या हातून निसटतात.

या गृहीताची तपासणी करण्यास मुंबईसमोरचा एक लहानसा किनारा उपयोगी पडतो. गेटवेवरून सुटणारी लाँच ज्या मांडवा बंदराला लागते, तेथून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सासवणे, आवास, किहीम, थळ या गावांजवळून अलिबागला आणि पुढे आक्षी–नागावला पोचतो. पंचवीस-तीस किलोमीटरचा हा पट्टा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्याचा भाग होता. त्यानंतर जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे गाव, तर नागाव हे चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे जन्मगाव. करमरकर हे नात्याने बरवे यांच्या आजोबांच्या पिढीतले. एकाच किनाऱ्यावरचे, एकाच विस्तारित कुटुंबातले हे दोन कलावंत; पण कलेतिहासात एक 'अकादमिक वास्तववादा'च्या प्रकरणात येतो आणि दुसरा 'आधुनिकते'च्या. दोघांच्या मध्ये प्रकरण बदलण्याची कोरी पाने असतात. त्या कोऱ्या पानांत काय घडले असावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

करमरकरांच्या घडणीचा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. घरात गणपतीच्या मूर्ती घडत असत. सासवण्यातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कलेक्टर ओटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने त्याचा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश झाला. पुढे कलकत्त्यातील वास्तव्य, १९२० साली लंडनचे शिक्षण, धातूच्या ओतकामाचा प्रत्यक्ष अभ्यास, आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा. सुमारे साडेतेरा फूट उंचीच्या या पुतळ्याचे ओतकाम माझगाव येथे एकसंध करण्यात आले. भारतीय शिल्पकाराच्या हातून तोवर असे काम क्वचितच झाले होते. १९६२ साली करमरकरांना 'पद्मश्री' मिळाली.

परंतु प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे काम पुण्यातले नाही, ते सासवण्यातले आहे. करमरकरांच्या राहत्या घरात व आवारात त्यांची शंभराहून अधिक शिल्पे आज संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेली आहेत. त्यांत पुढाऱ्यांचे आणि थोरांचे अर्धपुतळे आहेतच. पण त्यांच्या जोडीला गावातली माणसे आहेत, कोळीण आहे, घरच्या वावरातले गडी आहेत, जनावरे आहेत. आवारात म्हैस आहे. यांतील बरेचसे काम सिमेंटसारख्या साध्या, स्थानिक बांधकामातल्या माध्यमात झालेले आहे. संगमरवराला जी प्रतिष्ठा असते आणि ब्राँझला जो अधिकार असतो, तो सिमेंटला नाही. सिमेंटचा रंग धुळीचा असतो. पावसाळ्यात ते शेवाळते, उन्हात तापते. घराच्या जोत्याला जे होते तेच त्या म्हशीला होते. त्यामुळे चौथऱ्यावरच्या पुतळ्यात आणि पाहणाऱ्यात जे अंतर राखले जाते, ते या घरात राखले जात नाही.

या शिल्पांची प्रशंसा करण्याचा जो रूढ वाक्प्रचार मराठीत आहे तो लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. 'अगदी हुबेहूब' या शब्दांनी सुरुवात होते आणि लगेच पुढचे वाक्य येते : 'आता बोलेल की काय, असे वाटते.' प्रशंसेचा भाग म्हणून हे वाक्य इतके झिजले आहे की त्यातील शेवटच्या दोन शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मराठीत 'की काय' हे शब्द निव्वळ शक्यता सांगत नाहीत. ते धास्ती सांगतात. 'पाऊस येतो की काय', 'ताप चढतो की काय' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याला ते घडू नये असे वाटत असते. 'आता बोलेल की काय' या स्तुतीतही शिल्पाने बोलू नये अशी सुप्त अपेक्षा दडलेली आहे. सादृश्य पूर्णत्वाला पोचावे आणि नेमक्या त्याच टोकाशी थांबावे, ही अपेक्षा भाषेने नोंदवून ठेवली आहे. समीक्षेने मात्र 'हुबेहूब' हा शब्द उचलला आणि 'की काय' सोडून दिले.

संस्कृत काव्यशास्त्रात सादृश्याच्या या प्रश्नाला एक मार्मिक उत्तर आहे. शंकुकाने नाट्यप्रतीतीचे स्वरूप सांगताना चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रतुरगाकडे पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयाची नसते आणि निव्वळ सादृश्याचीही नसते. ती या चारींहून विलक्षण असते. चित्रातला घोडा पाहून कोणी लगाम घेऊन पुढे सरसावत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. सासवण्याची म्हैस या न्यायाला अडचणीत आणते. आवारात शिरणाऱ्याला ती प्रथम म्हैसच असते. पुढच्या क्षणी ते ज्ञान बाधित होते. मग ती हलली की नाही असा संशय उरतो. आणि शेवटी 'म्हशीसारखी आहे' या सादृश्यावर मन स्थिरावू पाहते. ज्या चार प्रतीतींहून कलानुभव वेगळा आहे असे शंकुक म्हणतो, त्या चारींतून हे शिल्प पाहणाऱ्याला ओळीने नेते. आस्वादाचे निर्वेध स्थान त्याला लवकर सापडत नाही. अस्वस्थता येथे विरूपणातून आलेली नाही. ती सादृश्याच्या अतिरेकातून आलेली आहे.

३

जर्मन विचारपरंपरेत या भावस्थितीची चर्चा विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. एर्न्स्ट येंट्श याने १९०६ साली तिचे मूळ बौद्धिक अनिश्चिततेत पाहिले : निर्जीव दिसणारी वस्तू खरोखर निर्जीव आहे काय, हा संशय. फ्रॉइडने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे स्पष्टीकरण अपुरे ठरवले. त्याच्या मते जे एकेकाळी घरचे, ओळखीचे होते आणि नंतर दडपले गेले, ते परत समोर आले की भय दाटते. त्याचप्रमाणे ज्या आदिम समजुती मागे टाकल्या असे माणसाला वाटत असते, त्या खऱ्या ठरू लागल्याचा भास झाला की तीच भावना उद्भवते. मृतात प्राण असणे, बाहुलीने डोळे उघडणे, ही त्याची उदाहरणे या दुसऱ्या वर्गात बसतात.

हे विवेचन कोकणच्या किनाऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि न लागण्याचे कारण उद्बोधक आहे. फ्रॉइडच्या वाचकाने ज्या समजुती मागे टाकल्या असे मानले आहे, त्या येथे मागे पडलेल्याच नाहीत. निर्जीवात प्राण आणण्याची क्रिया येथे दरवर्षी भाद्रपदात घराघरांत, उजेडात, आप्तेष्टांसमोर केली जाते. शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कारखान्यात शेवटी होते; ती करणारा हात वेगळा, मुरलेला असतो. घरी आल्यावर प्राणप्रतिष्ठा होते. दीड दिवसाने, पाच दिवसांनी वा अनंतचतुर्दशीला उत्तरपूजा होऊन मूर्ती पाण्यात जाते. माती सजीव होते याचे भय कोणालाच वाटत नाही, कारण ती केव्हा सजीव होणार आणि केव्हा पुन्हा माती होणार याचा दिवस ठरलेला असतो. भय नाहीसे केलेले नाही. त्याला मुदत घालून दिलेली आहे.

कोकणच्या लोकजीवनात अशा मुदतबंद भयाची इतरही रूपे आहेत. शिमग्यात काळ्या वेषातला संकासुर मुलांना घाबरवतो आणि सण संपला की तो वेष उतरवून माणूस कामाला लागतो. शेतातले बुजगावणे तर सादृश्याच्या भयाचे सरळ सरळ उपयोजन आहे : माणसाचा अंगरखा, डोक्याच्या जागी मडके. पण त्यालाही हंगाम असतो आणि पीक निघाले की ते मोडते. याच्या दुसऱ्या टोकाला तांदळा आहे. न घडवलेला दगड, शेंदूर, फार तर चांदीचे डोळे. तेथे सादृश्य जवळजवळ नाही. पण सान्निध्य पूर्ण आहे आणि नित्यपूजेने ते सांभाळलेले आहे. या सर्व व्यवहारांत एक व्यवस्था दिसते. मूर्तीतील अस्वस्थ करणारी शक्ती मान्य करायची, तिला विधीने प्रवेश द्यायचा आणि विधीनेच तिची रवानगी करायची, किंवा तिला कायम ठेवायचे असेल तर रोजच्या पूजेत तिची सोय लावायची.

रसव्यवस्थाही एका अर्थाने अशाच मुदतीवर उभी आहे. भयानकाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, अद्भुताचा विस्मय. पण हे भाव रसरूप होतात ते नांदी आणि भरतवाक्य यांच्यामधल्या अवकाशात. साधारणीकरण होते कारण प्रेक्षकाला नाट्य संपणार हे ठाऊक असते. प्रयोगाला आरंभ आणि अंत नसलेल्या, घराच्या ओसरीवर वर्षानुवर्षे बसून असलेल्या आकृतीपुढे साधारणीकरण कसे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर रसमीमांसेत शोधणे हा तिच्यावर अन्याय होईल.

येथून करमरकरांच्या पिढीचे ऐतिहासिक स्थान वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी'पासून (१८९६) मुंबईच्या शिल्पकारांनी जे सादृश्य हस्तगत केले, ते विधीविना हस्तगत केले. मूर्तिकाराचा हात तोच राहिला, पण आखणीनंतर प्राणप्रतिष्ठा नाही आणि शेवटी विसर्जन नाही. घडवलेली आकृती केव्हा जिवंत आणि केव्हा माती, हे सांगणारे पंचांग तिच्यापाशी उरले नाही.

या विधानाची परीक्षा त्याच पिढीतल्या दोन उदाहरणांवर करता येते. पहिले बाळाजी वसंत तालीम यांचे. करमरकरांप्रमाणेच सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेत घडलेल्या तालमांनी केलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ साली शिर्डीच्या समाधिमंदिरात प्रतिष्ठापित झाली. शैलीच्या दृष्टीने ती व्यक्तिशिल्पच आहे; एका ज्ञात पुरुषाचे, ज्ञात बैठकीचे, वास्तवदर्शी. परंतु विधीने तिचा स्वीकार झाला आणि ती मूर्ती झाली. तिच्या डोळ्यांतील जिवंतपणा भक्ताला अस्वस्थ करत नाही, आश्वस्त करतो. दुसरे उदाहरण करमरकरांच्याच शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याचे. सार्वजनिक पुतळ्याला प्राणप्रतिष्ठा नसते, पण अनावरण असते. नित्यपूजा नसते, पण जयंतीचे माल्यार्पण असते. वसाहतकालीन नागरी जीवनाने पुतळ्यासाठी स्वतःचे विधी घडवले आणि त्यांनी त्या धातूला एक निश्चित नाते मिळवून दिले. म्हणूनच पुतळ्याची विटंबना ही गंभीर घटना ठरते. जे निव्वळ धातू आहे त्याची विटंबना होत नाही.

शिर्डीची मूर्ती आणि पुण्याचा पुतळा यांच्याशी तुलना केली म्हणजे सासवण्याच्या घरातील गडी, कोळीण आणि म्हैस यांचे एकाकीपण उमगते. सादृश्य तेच, हात त्याच तोलाचे, पण या आकृतींचे कोणी अनावरण केले नाही, त्यांना कोणी हार घालत नाही आणि त्यांचे विसर्जनही होणार नाही. त्या देव नाहीत, थोर पुरुष नाहीत. समाजाने पुतळ्यासाठी आखलेल्या कोणत्याच नात्यात त्या बसत नाहीत. पाहणाऱ्याची अस्वस्थता रूपातून उगवत नाही. या नातेहीनतेतून उगवते.

येथे एक सामाजिक अर्थही दडलेला आहे. ज्यांचे पुतळे होत नाहीत त्या माणसांना करमरकरांनी पुतळ्याच्या योग्यतेने घडवले, परंतु पुतळ्याचे विधी त्यांना मिळवून देणे शिल्पकाराच्या हाती नव्हते. गड्याचे शिल्प मालकाच्या घरात, मालकाच्या दृष्टीसमोर राहिले. त्या घराच्या अंगणात शिरणाऱ्याला क्षणभर जो संकोच होतो, त्यात शिल्पकलेइतकाच या नात्याचाही वाटा आहे.

४

मराठी समीक्षेने हा प्रश्न का ओळखला नाही, याचे एक कारण तिच्या सौंदर्यशास्त्रात सापडते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा जो विचार मांडला, त्यात विषयाच्या सादृश्याला स्वतंत्र स्थान नव्हते. त्या काळी तो विचार आवश्यक होता. बोधवाद आणि विषयनिष्ठा यांच्या पकडीतून कलाकृती सोडवणे हे त्याचे कार्य होते आणि ते त्याने केले. पण त्याची एक किंमत होती. 'हुबेहूबपणा' हा सौंदर्यबाह्य गुण ठरल्यावर ज्या कलेचे सारे सामर्थ्य आणि सारा धोका हुबेहूबपणात होता, तिच्याविषयी विचार करण्याची भाषाच उरली नाही. तिच्याविषयीचे लेखन मुख्यतः चरित्र, सत्कार आणि प्रवासवर्णन यांच्याकडे गेले.

याच काळात साहित्यसमीक्षेत दुर्बोधतेचा वाद गाजला. पुढे रशियन रूपवादाचा परिचय झाल्यावर श्क्लोव्हस्कीची अपरिचितीकरणाची संकल्पना (१९१७) हाती आली आणि विचित्र प्रतिमांचे समर्थन तिच्या साहाय्याने करता येऊ लागले. परंतु अपरिचितीकरण ही कलावंताची युक्ती आहे. ती सवयीने बोथट झालेले संवेदन जागे करण्यासाठी वस्तूला परके करते. करमरकरांनी काहीही परके केले नाही; त्यांनी ओळखीचे अधिक ओळखीचे केले. त्यामुळे हीही संकल्पना सासवण्याच्या दारात थांबते. 'विचित्र' या शब्दाचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात तो विविधरंगी, आश्चर्यकारक या अर्थाने प्रशंसेचा शब्द होता; मराठीत तो नापसंतीचा झाला. ज्या शब्दाच्या पोटात 'चित्र' आहे त्याचा उपयोग चित्राला दूर सारण्यासाठी होऊ लागला.

५

नागावात जन्मलेल्या बरवे यांचे शिक्षण मुंबईत झाले. वडील चित्रपटक्षेत्रात कलाकार होते. १९५९ साली सर ज. जी. कलाशाळेचे शिक्षण पुरे करून बरवे विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचे वास्तव्य वाराणसीला होते. तंत्रमार्गातील यंत्राकृतींचा त्यांच्या चित्रांवरील प्रभाव या वास्तव्यातला. १९७० च्या दशकात तो प्रभाव मागे पडून त्यांच्या चित्रांत दैनंदिन वस्तू आल्या : घड्याळ, किल्ली, पान, छत्री, बाटली, शंख, पाकीट. कॅनव्हासवर एनॅमल रंगाचा सपाट, थंड पृष्ठभाग आणि त्यावर एकमेकांशी व्यावहारिक संबंध नसलेल्या, स्वतःच्या आकारमानाशी इमान नसलेल्या वस्तू.

हा बदल सामान्यतः 'तंत्राकडून वस्तूकडे' असा सांगितला जातो. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो वेगळ्या रीतीने मांडता येईल. यंत्राकृतीत आकृती ही देवतेचे आसन असते. मध्यबिंदू, परिघ, दिशा या सर्वांना विधीतील स्थान असते. बरवे यांनी देवता काढून घेतली, पण आसन मोडले नाही. मध्यभागीचा रिकामा अवकाश, त्याभोवतीची शांतता, वस्तूला दिलेले एकाकी अधिष्ठान हे सर्व तसेच राहिले. आणि जेथे बीजाक्षर असायचे तेथे एक किल्ली येऊन बसली. किल्लीचे चित्र किल्लीसारखेच असते. ते पाहून 'हे काय आहे' असा प्रश्न पडत नाही. 'ही येथे का आहे' असा प्रश्न पडतो. बरवे यांच्या चित्रांना दुर्बोध म्हणणारा वाचक या दोन प्रश्नांत गल्लत करतो.

दोन्ही कलावंतांतील संबंध आता स्पष्ट होतो. करमरकरांपाशी सादृश्य आहे आणि विधी नाही. बरवे यांच्यापाशी विधीची जागा आहे, पण तीत बसवलेली वस्तू पूज्य नाही. दोन्हीकडे पाहणाऱ्याची सवय अर्ध्यावर तुटते. एकाकडे हात जोडावेत असे काही नसते आणि तरीही डोळ्याला डोळा भिडतो; दुसऱ्याकडे हात जोडण्याजोगी मांडणी असते आणि समोर छत्री असते. म्हणून या दोघांना 'वास्तववाद' आणि 'आधुनिकता' अशा दोन प्रकरणांत विभागण्याऐवजी, विधीपासून सुटलेल्या मूर्तीच्या एकाच इतिहासाचे दोन टप्पे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

बरवे यांचे आणखी एक कार्य मराठी समीक्षेच्या दृष्टीने मोलाचे आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार, अवकाश आणि चित्रकाराची विचारप्रक्रिया यांचा शोध मराठीत घेतला. चित्रकाराने चित्राविषयी, उसन्या परिभाषेचे ओझे न घेता, मराठी गद्यात विचार करावा हे मराठीत वारंवार घडलेले नाही. तरीही या पुस्तकाचे वाचन बव्हंशी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुरते राहिले. चिन्हमीमांसेची चर्चा करणाऱ्या साहित्यसमीक्षेने त्याला आपल्या वादात गंभीरपणे ओढून घेतले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांच्या कामाचे मोठे पूर्वलक्षी प्रदर्शन भरले. उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी संग्रहालयाच्या सल्लागार समित्यांसंबंधी प्रश्न उपस्थित केला असता त्यांचे भाषण मध्येच अडवले गेले आणि चर्चा प्रामुख्याने त्या घटनेची झाली. ती व्हायलाच हवी होती. कला कोणाच्या निर्णयाने लोकांसमोर येते, हा प्रश्न चित्रांच्या बाहेरचा नव्हता.

६

१९९० च्या दशकातील मांडणशिल्प या इतिहासात तिसऱ्या टप्प्यावर येते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतर विवान सुंदरम यांनी रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाच्या, होशी जाल यांनी टिपलेल्या वृत्तछायाचित्राभोवती 'मेमोरियल' (१९९३) ही मांडणी रचली. खिळे, काच, लोखंडी ट्रंका अशा सामग्रीतून त्या अनोळखी देहासाठी एक स्मारक उभारले गेले. रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांनी याच काळात फुटलेली मातीची भांडी, गेरू, आरसे यांच्या मांडण्या केल्या आणि पुढे स्वतःचा देह हेच माध्यम केले. या कामांवर त्या काळी 'हे शिल्प कसे' असा आक्षेप घेतला गेला. पण त्यांचे स्वरूप शिल्पाहून विधीच्या अधिक जवळचे आहे. बेवारस देहाला जे समाजाने नाकारले, ते कलेने करून पाहिले. करमरकरांच्या आकृतींना विधी मिळाला नाही. येथे विधी हीच कलाकृती झाली. भांडे फुटणे ही घटना या समाजात नवी नाही. अंत्यविधीत मडके फोडले जाते. हुसेन यांच्या मांडणीसमोर अस्वस्थ होणाऱ्या प्रेक्षकाला ते भांडे अपरिचित वाटत नाही. ते फारच परिचित असते, फक्त ते कोणासाठी फुटले याचे उत्तर त्याला स्वतः द्यावे लागते.

मांडणशिल्प प्रदर्शन संपल्यावर उकलले जाते. म्हणजे त्याला विसर्जन असते असे वरकरणी दिसते. पण उकललेले भाग खोक्यांत भरले जातात, त्यांच्यावर क्रमांक पडतात, ते विकत घेतले जातात आणि दुसऱ्या शहरात पुन्हा मांडले जातात. विसर्जनाचा दिखावा आणि संग्रहाची वस्तुस्थिती यांतील हा अंतर्विरोध मांडणशिल्पाच्या अर्थाचाच भाग आहे, आणि त्याची चर्चा बाजाराच्या निंदेपलीकडे जायला हवी.

हा अंतर्विरोध पाहण्यासाठी पुन्हा मांडव्याकडे वळता येते. १९९७ पासून मुंबईत काम करणारी 'द गिल्ड' ही समकालीन कलेची वीथी पुढे मांडवा–अलिबाग रस्त्यावर रांजणपाडा येथे गेली. ज्या रस्त्याने करमरकर मुंबईला गेले, त्याच रस्त्याने मुंबईची कला किनाऱ्यावर आली. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला उतरण्याची रो-पॅक्स सेवा सुरू झाल्यावर तर हे अंतर आणखी कमी झाले. आता एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या आत, सिमेंटची म्हैस आणि समकालीन मांडणशिल्प दोन्ही पाहता येतात. दोन्ही ठिकाणी जाणारा प्रेक्षक मात्र बहुधा वेगवेगळा असतो, आणि दोन्ही ठिकाणी वापरली जाणारी भाषाही वेगळी असते : एकीकडे सहलीच्या मराठीतले 'हुबेहूब', दुसरीकडे माहितीपुस्तिकेची इंग्रजी. या दोन भाषांमध्ये जे विचाराचे मराठी असायला हवे ते तयार करणे, हे समीक्षेचे काम होते आणि आहे.

ते काम परिभाषेचे नवे कोश रचून होणार नाही. त्यासाठी लागणारे शब्द या किनाऱ्यावर वापरात आहेत. आखणी, प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजा, विसर्जन, तांदळा, बुजगावणे, सोंग हे केवळ धार्मिक वा लोकसांस्कृतिक शब्द नाहीत. वस्तू आणि जीव यांच्या सीमेवर काय घडते आणि ते कसे सांभाळायचे, याविषयीच्या एका दीर्घ विचाराचे ते संकेत आहेत. त्यांचा उपयोग गतकाळाच्या गौरवासाठी करणे चुकीचे ठरेल, कारण या विधींनी कोणाला आत घेतले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले हाही त्यांच्याच इतिहासाचा भाग आहे. पण विधी सुटल्यावर मूर्तीचे काय झाले, हे विचारण्याची सोय तेच शब्द करून देतात.

या दृष्टीने पाहिल्यास अस्वस्थ करणाऱ्या कलेचा मराठी इतिहास १९४७ वा १९९३ पासून सुरू होत नाही. मूर्ती घडवणाऱ्या घरातल्या एका मुलाने मूर्तीचा हात ठेवून तिचा दिवस सोडून दिला, तेव्हा तो सुरू झाला. सासवण्याच्या ओसरीवरील आकृती अजून त्या सुटलेल्या दिवसाच्या पुढच्या काळात बसून आहेत. आणि त्यांच्यासमोर उभा राहणारा प्रेक्षक जेव्हा 'आता बोलेल की काय' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या वाक्यातील शेवटचे दोन शब्द समीक्षेने ऐकायचे राहून गेले आहेत.